न्यू जर्सीतल्या मराठी मासेमार मंडळींना खुलं पत्र: २०१८ सालची पिढी सोडून द्या

नमस्कार मंडळी,

रॅरिटन बे, सँडी हूक, कीपोर्ट, पर्थ अंबॉय, खाली पार बार्नेगॅटपर्यंत वीकेंडला रॉड घेऊन उभे राहणारे आपले जेवढे मराठी लोक आहेत त्यांच्यासाठी हे पत्र आहे. आणि जे स्वतः फिशिंगला जात नाहीत पण ज्यांच्या घरी कुणीतरी स्ट्राइप्ड बास घेऊन येतं आणि मग तो सिंकमधे ठेवून ग्रुपवर फोटो पडतो, त्यांनीपण वाचा प्लीज.

मागणी आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. यावर्षी आणि पुढची दोन-तीन वर्षं स्ट्रायपर (म्हणजे हाच स्ट्राइप्ड बास) घरी आणू नका, नियमात बसत असला तरी. आणि मत्स्य कमिशनवरच्या आपल्या राज्याच्या कमिशनर लोकांना लिहा की नियम अजून कडक करा. हे ऐकायला जास्त वाटेल, माहितीये मला, कारण एप्रिलमधे बेमधे जो मासा दिसतो तो बघून कुणालाही वाटेल की हा संपायला आलाय म्हणणारा माणूस वेडा आहे. म्हणूनच जरा सविस्तर लिहितोय.

आत्ताचा नियम सगळ्यांना पाठ आहे, समुद्रात आणि बेमधे माणशी दिवसाला एक मासा, २८ ते ३१ इंच. जर्सीत बोनस परमिट घेतलं तर २४ ते २८ मधला अजून एक. हा ३१ चा आकडा कुठून आला ते मात्र फार कमी जणांना माहितीये. २०२० पासून किनाऱ्यावरच्या बहुतेक राज्यांत वरची मर्यादा ३५ इंच होती. मग २०२२ मधे किनाऱ्यावरच्या हौशी लोकांनी घरी नेलेल्या माशांचा आकडा आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाला, कारण २०१५ साली चेसापीक बेमधे जन्मलेली मोठी पिढी तेव्हा नेमकी २८ ते ३५ मधे आली होती. सगळ्यांना वाटलं काय मस्त सीझन आहे. अटलांटिक राज्यांचं जे मत्स्य कमिशन आहे त्याला मे २०२३ मधे इमर्जन्सी अ‍ॅक्शन घ्यावी लागली, म्हणजे नेहमीची सगळी प्रोसेस बाजूला ठेवून, थेट ३१ इंच. पुढे २०२४ मधे तोच नियम कायम केला. थोडक्यात त्या "मस्त सीझन"मधे आपण एकाच पिढीवर तुटून पडलो होतो.

आता तेच परत होतंय, आणि यावेळी परिस्थिती जास्त वाईट आहे.

मेरीलँडचे मत्स्यविभागाचे लोक १९५४ पासून दर उन्हाळ्यात एक काम करतात. चॉपटँक, नँटिकोक, पोटोमॅक आणि चेसापीकचा वरचा भाग, तिथल्या ठरलेल्या २२ जागांवर जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरमधे काठावर शंभर फुटी जाळं ओढायचं (आपल्याकडे रापण ओढतात ना तसंच, फक्त छोटं) आणि त्यात त्या वर्षी जन्मलेली स्ट्रायपरची पिल्लं किती येतात ते मोजायचं. मग एका ओढीला सरासरी किती, तो झाला त्या वर्षाचा इंडेक्स. इतक्या वर्षांची सरासरी ११ च्या आसपास आहे. १९९६ ला ५९ च्या वर गेला होता. २०१५ ला २४, २०१८ ला १४.८. आणि मग २०१९ ला ३.४, २०२० ला २.५, २०२१ ला ३.२, २०२२ ला ३.६, २०२३ ला १.०, २०२४ ला २.०, २०२५ ला ४.०. सलग सात वर्षं. चेसापीक म्हणजे या किनाऱ्यावरच्या स्ट्रायपरचं सगळ्यात मोठं प्रसूतिगृह, मेनपर्यंत जे मासे जातात त्यातले बहुतेक तिथलेच असतात, हडसन आणि डेलावेअर नदीतले बाकीचे.

म्हणजे २०१८ ची पिढी ही शेवटची बरी पिढी. आणि २०१८ ला जन्मलेला मासा आत्ता किती मोठा झाला असेल? सात-आठ वर्षांचा, म्हणजे बरोब्बर २८ ते ३१ इंच. आपल्या कूलरमधे जाणारा मासा तोच आहे. त्याच्या मागे येणारं म्हणावं तसं काहीही नाहीये. २०१९ ते २०२५ या सात वर्षांची पिल्लं एकत्र केली, ते सगळे आकडे जोडले, तरी बेरीज वीसच्या आत येते, एकट्या २०१५ सालापेक्षा कमी.

पिल्लं का जगत नाहीयेत हा प्रश्न कुणीही विचारेल. ढोबळ उत्तर असं आहे की स्ट्रायपरला अंडी घालायला कडक हिवाळा आणि नंतर भरपूर पाण्याचा, ओला वसंत लागतो. तसं झालं की नदीत बारीक जीव, म्हणजे पिल्लांचं खाणं, बरोबर त्या वेळेला तयार असतं. गेली काही वर्षं हिवाळे ऊबदार आणि वसंत कोरडे जातायत, त्यामुळे पिल्लं बाहेर येतात तेव्हा ताटात काही नसतं. यात तुम्ही-मी लगेच काही करू शकत नाही. हवामान बरं लागलं त्या वर्षी अंडी घालायला पुरेश्या माद्या शिल्लक असाव्यात, एवढं मात्र आपल्या हातात आहे, आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

मादी जितकी मोठी तितकी तिची किंमत जास्त. सहा वर्षांची मादी पाचेक लाख अंडी घालते, पंधरा वर्षांची तीस लाखांच्या वर. आणि हा मासा तीस वर्षंसुद्धा जगू शकतो. २९ इंची मादी मारली म्हणजे फक्त आजची पाच लाख अंडी गेली असं नाही, पुढची पंधरा-वीस वर्षं गेली, त्यात हवामानाची दोन-तीन चांगली वर्षं आली असती तीपण गेली.

इथे गाभोळीबद्दल बोलावंच लागेल. आपल्या लोकांना गाभोळी आवडते, मलापण आवडते, आईच्या हातची तव्यावरची गाभोळी म्हणजे काय ते मला सांगू नका. पण मार्च-एप्रिलमधे रॅरिटन बेमधे जे मासे भरतात त्यातले बरेचसे हडसनमधे अंडी घालायला जायच्या वाटेवर थांबलेले असतात, बंकर (मेनहेडन नावाचा छोटा मासा) खाऊन अंगात ताकद भरत असतात. म्हणजे "गाभोळीवाला मिळाला रे" म्हणून ज्याचा आनंद होतो ती मादी दाराशी पोचलेली असते. शिवाय हडसनच्या पाण्यात १९७७ पर्यंत वर्षानुवर्षं कारखान्यांतून पीसीबी नावाचं केमिकल सोडलं गेलं, त्यामुळे १९७६ मधे हडसनच्या स्ट्रायपरची धंदेवाईक मासेमारी बंद करावी लागली होती, आणि ते चरबीत साठून राहतं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी राज्याच्या वेगळ्या सूचना आहेत, ज्यांच्या घरी नेमानं खाल्ला जातो त्यांनी त्या आधी वाचा.

बरं, "ठीक आहे, मग पकडून सोडतो" असं म्हणणारे आता बरेच आहेत आणि ते चांगलंच आहे, पण तिथेही हिशोब आहे. कमिशनचं गणित धरतं की सोडलेल्या शंभरातले नऊ नंतर मरतात. नऊ टक्के ऐकायला काहीच नाही. पण २०२१-२२ ला किनाऱ्यावर सोडलेल्या माशांचा अंदाज वर्षाला अडीच कोटींच्या वर होता, म्हणजे नुसते सोडून वीस लाखांहून जास्त मेले. हौशी लोकांच्या हातून मेलेल्या माशांत काही वर्षी निम्मे हे असे, "सोडलेले". आणि नऊ ही सरासरी आहे. पाणी गरम असलं, खारटपणा कमी असला, हुक घशात गेला, मासा दहा मिनिटं दमवला आणि मग फोटोसाठी हवेत धरून ठेवला तर आकडा खूप वर जातो. ज्याला आपण "मजेत पोहत गेला" म्हणतो तो दोन तासांनी तळाला असू शकतो, आपल्याला दिसत नाही एवढंच.

म्हणून माझी विनंती अशी आहे की आमिष (बेट) लावून करत असाल तर सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोल हुक) वापरा, तसाही २०२१ पासून तो कंपल्सरी आहे, आणि त्याला जे-हुकसारखा (नेहमीच्या सरळ टोकाच्या हुकसारखा) झटका मारायचा नाही, मासा ओढत गेला की रील फिरवत राहायचं, तो आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. कितीतरी लोक सर्कल हुक लावतात आणि सवयीनं झटका मारतात, मग म्हणतात हे हुक बेकार आहेत. प्लगवर (नकली माशावर) दोन-दोन ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे हुक असतात ते काढून सिंगल लावा, हुकच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. लाइन जाड ठेवा म्हणजे मासा लवकर येईल. हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून हुक काढा, गॅफ (मासा टोचून वर ओढायचा आकडा) तर कायद्यानंच बंद आहे. जुलै-ऑगस्टमधे दुपारी तर त्याच्या मागे लागूच नका. मेरीलँडला उन्हाळ्यात हवेच्या तापमानावरून रोज हिरवा-पिवळा-लाल झेंडा जाहीर करतात, ९५ फॅरनहाइटच्या वर लाल, म्हणजे सकाळी दहानंतर स्ट्रायपर करू नका. आपल्याकडेपण स्वतःहून तेवढं पाळता येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाच-सहा मिळाले की थांबा, घरी या, किंवा दुसरा मासा करा. पन्नास पकडून पन्नास सोडले हा रेकॉर्ड नाहीये, त्यात चार-पाच मेलेत.

खायचाच असेल तर पोर्गी आहे ना! त्याचा साठा चांगल्या स्थितीत आहे, भरपूर लागतो, लहान मुलांनापण पकडता येतो, आणि रवा लावून तळला की आपल्या चवीला स्ट्रायपरपेक्षा कितीतरी बरा लागतो. हे माझं मत, पण ज्यांना ज्यांना खायला घातलंय ते सहमत आहेत.

आता जे आक्षेप मी ऐकतो त्याबद्दल. पहिला, "अरे बेमधे मासा तुडुंब आहे, कुठे कमी झालाय". तुडुंब दिसतो कारण हा मासा बंकरच्या मागे एका जागी गोळा होतो, आणि आपण नेमके त्या जागी उभे असतो. २०२२ लापण तुडुंबच दिसत होता. आणि १९७० च्या दशकात तर याहून जास्त. तेव्हा १९७० साली एक प्रचंड पिढी जन्मली, इंडेक्स ३० च्या वर, त्या जोरावर १९७३ च्या सुमारास लोकांनी विक्रमी मासे काढले, आणि दहा वर्षांत सगळं कोसळलं. इतकं की १९८४ मधे अमेरिकन काँग्रेसला खास स्ट्राइप्ड बाससाठी कायदा करावा लागला आणि १ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडनं पाच वर्षं हा मासा पकडायलाच बंदी घातली. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनापण.

मग तो परत कसा आला, हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. १९८२ साली एक पिढी जन्मली, फार मोठी नाही, बरी म्हणावी अशी. कमिशननं ठरवलं की ही पिढी वाचवायची, यातल्या ९५ टक्के माद्यांनी निदान एकदा अंडी घालेपर्यंत हिला हात लावायचा नाही. त्यासाठी किनाऱ्यावरची किमान साईज वर्षावर्षानं वाढवत नेली, मासे मोठे होत गेले तशी साईज त्यांच्या पुढे पुढे सरकत गेली. १९८९ ला पिल्लांचा इंडेक्स २५ वर गेला, १९९० ला बंदी उठली, १९९५ ला साठा पूर्ण सावरला असं जाहीर झालं. आज आपण जे पकडतोय ते त्या निर्णयाचं आहे. तेव्हा १९८२ ची पिढी होती, आता २०१८ ची आहे. फरक हा की त्यावेळी सगळा नियम त्या पिढीला वाचवायला बनवला होता, आणि आज किनाऱ्यावरच्या नियमात जी मुख्य पट्टी उघडी आहे, २८ ते ३१, ती पिढी अख्खी त्यातच उभी आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. फेडरल सर्व्हेमधे लोक किती वेळा फिशिंगला गेले तो अंदाज ३०-४० टक्के फुगलेला असू शकतो असं त्यांच्याच २०२३ च्या एका अभ्यासात निघालं, तेव्हापासून "सगळे आकडेच खोटे" असं चालू आहे. मी वर जे वीस लाख वगैरे लिहिलंय ते त्यामुळे कमी होऊ शकतं, मान्य. पण मेरीलँडच्या जाळ्याचा त्या सर्व्हेशी काहीही संबंध नाही. तिथे कुणाला फोन करून, पत्र पाठवून विचारत नाहीत, जाळं ओढून पिल्लं मोजतात, सत्तर वर्षं त्याच पद्धतीनं.

तिसरं म्हणजे धंदेवाले मारतात, आपण काय. जर्सीत तर स्ट्रायपर विकायलाच बंदी आहे, आणि पूर्ण किनाऱ्याचा हिशोब धरला तर जे मासे मरतात त्यातले दहातले साडेआठ-नऊ हौशी लोकांच्या हातून. हा आपलाच मासा आहे आणि मारणारेपण आपणच.

आता कमिशनचं. २०२४ च्या पाहणीत अंडी घालणाऱ्या माद्यांचं एकूण वजन १९.१ कोटी पौंड निघालं, धोक्याची रेषा १९.७ ला आहे आणि गाठायचंय २४.७, तेही २०२९ पर्यंत, त्यांनी स्वतःच ठरवलेलं. त्यासाठी २०२५ मधे १२ टक्के कपातीचा प्रस्ताव आला होता, मुख्यतः सीझनचे काही आठवडे बंद ठेवून. ऑक्टोबर २०२५ ला कमिशनच्या स्ट्राइप्ड बास बोर्डानं कपात नको म्हणून ठरवलं आणि एक वर्कग्रुप नेमला. मला त्यामागची अडचण कळते. चार्टर बोटीच्या कॅप्टनचं कर्ज असतं, डेकवरची पोरं टिपवर जगतात, बेट शॉपवाल्याचं वर्ष दोन महिन्यांवर चालतं, आणि बंद आठवडे ठरवले की एका राज्याचा सीझन बुडतो आणि दुसऱ्याला काही फरकच पडत नाही. खरे प्रश्न आहेत हे. पण १९८५ मधे ज्यांचा धंदा पाच वर्षं बंद झाला ते हेच लोक होते, आणि वेळेवर १२ टक्के घेतले असते तर पुढे शंभर टक्क्यांची वेळ यायची शक्यता कमी झाली असती. मी बोर्डावर असतो तर कपातीच्या बाजूनं हात वर केला असता.

आपल्याकडे कोकणात काय करतात बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, होड्या ओढून शाकारलेल्या. ज्यांच्या घरात दुसरं उत्पन्न नाही ते कोळी दोन महिने थांबतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग परत निघतात. तिथेही सगळं आलबेल नाही, पापलेट एवढं कमी झालं की २०२३ ला त्याला राज्य मासा म्हणून जाहीर करावं लागलं आणि किती लहान पापलेट पकडायचं नाही याची साईज ठरवावी लागली. पण थांबायचं असतं हे त्या लोकांना शिकवायला लागत नाही. आपल्यापैकी कुणाचंही घर स्ट्रायपरवर चालत नाही. आपण आयटीत आहोत, फार्मात आहोत, दुकानं आहेत, आपल्यासाठी हा शनिवारचा आनंद आहे, आणि तो आनंद मासा सोडूनही तेवढाच मिळतो.

एक बारीक गोष्ट पण खटकते म्हणून लिहितो. पार्टी बोटीवर (तिकीट काढून फिशिंगला जायची मोठी बोट) किंवा जेटीवर माणशी एक म्हणून अख्ख्या कुटुंबाच्या नावानं मोजणं. आजोबा खुर्चीत बसलेत, पाच वर्षांची मुलगी आयपॅडवर आहे, आणि कूलरमधे चार मासे. असं करू नका. बाजूला उभे असलेले लोक बघत असतात, बोलत नाहीत, पण "हे लोक असेच" म्हणून लक्षात ठेवतात, आणि मग जो नियमानं वागतो त्यालाही ते ऐकावं लागतं.

हाच मासा १८७९ मधे आपल्या इथल्या, नेव्हसिंक नदीतून रेल्वेनं कॅलिफोर्नियाला नेला होता, जेमतेम १३२ पिल्लं, आणि काही वर्षांनी अजून तीनेकशे. त्यातून सॅन फ्रान्सिस्को बेमधे एवढा वाढला की दहा वर्षांत बाजारात विकायला यायला लागला. बे एरियातले आपले लोक जो स्ट्रायपर पकडतात त्याचे पूर्वज जर्सीचे. मुद्दा हा की या माशाला संधी दिली तर तो भराभर भरून काढतो, त्याला फक्त पुरेश्या माद्या आणि एखादं-दोन चांगली वर्षं लागतात.

तर आता काय करायचं. कमिशनवर प्रत्येक राज्याचे तीन प्रतिनिधी असतात, एक मत्स्यविभागाचा, एक विधिमंडळाचा, एक गव्हर्नरनं नेमलेला. जर्सीचे तिघं कोण ते कमिशनच्या साइटवर आहे. तिघांनाही ईमेल करा, पाच ओळी पुरे. मी कुठे राहतो, कुठे फिशिंग करतो, २०१८ ची पिढी स्लॉटमधे, म्हणजे २८ ते ३१ इंचांच्या पट्टीत आहे आणि तिच्या मागे सात वर्षं काही नाही, त्यामुळे ती वाचवणारा नियम आणा, माझा सीझन कमी झाला तरी चालेल. शेवटचं वाक्य नक्की टाका, कारण त्यांना येणाऱ्या बऱ्याच पत्रांत सीझन कमी करू नका हेच असतं. न्यू यॉर्क, कनेटिकट, मॅसेच्युसेट्स, मेरीलँडवाल्यांनी आपापल्या राज्याच्या लोकांना लिहा. जर्सीत मासेमारांची रजिस्ट्री (नावनोंदणी) फुकट आहे, अजून केली नसेल तर तीपण करा, म्हणजे किती लोक फिशिंग करतात त्याचा हिशोब तरी नीट लागेल.

ज्यांना इंग्लिशमधे लिहायला वेळ नाही किंवा कंटाळा येतो त्यांच्यासाठी मी एक ड्राफ्ट बनवून ठेवलाय, ग्रुपवर मागा, पाठवतो, आपलं गाव आणि जागा बदलून घ्या. आणि एप्रिलमधे कुणाला सर्कल हुक कसा वापरायचा ते बघायचं असेल तर कीपोर्टला या, माझ्याकडे जास्तीचे आहेत, देईन.

आपला,
सेंट्रल जर्सीतला एक मासेमार